‘बघू’वर जगणाऱ्या मुलीस

अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दामच घातलेलं नाही. तुझ्या खोलीतल्या पसाऱ्यात हे पत्र कुणाच्या हाती लागेल याचा नेम नाही, आणि पुढे तुझ्या यादीतल्या गोष्टी येणार आहेत.

रविवारी तू माझ्याकडे दोन तास बसलीस. तेवढ्यात तुझा फोन अकरा वेळा थरथरला. मी मोजलं, जन्मभर आकडेमोड केलेल्या बाईची सवय जात नाही. अकराही वेळा तू तो उचललास, बघितलास आणि पालथा ठेवलास. उत्तर एकालाही दिलं नाहीस. मधेच म्हणालीस, “मावशी, मोठं असं काहीच झालेलं नाही गं. नोकरी आहे, घरी सगळे ठीक आहेत, तपासण्या नॉर्मल आल्या. मग पहाटे तीनला जाग का येते? जबडा का दुखतो?” आणि ओशाळून हसलीस, जणू ताण यायलाही काही पात्रता लागते आणि तू त्यात बसत नाहीस. तू गेल्यावर ते हसणं माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून लिहितेय.

धीर धर, दिवस बदलतील, असलं काही मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे. दीर्घ श्वास घ्यावा, वेळेवर झोपावं, रोज चालावं हेही ठाऊक आहे. चांगल्याच गोष्टी आहेत, कर. पण तुझं दुखणं तिथे नाही.

आधी ते “मोठं काही झालेलं नाही” निकालात काढू. निवृत्त झाल्यावर मी या विषयावर बरंच वाचलं, त्याचं कारण पुढे येईल. 1967 साली होम्स आणि राहे या दोन संशोधकांनी आयुष्यातल्या 43 घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100, घटस्फोट 73, लग्न 50, सुट्टीवर जाणं 13. तुझ्या डोक्यातली ताणाची कल्पना अजून या यादीसारखी आहे. काही घडलं पाहिजे, तरच माणसाने थकावं. पुढे 1981 साली लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटीकडून सुरुवात केली. त्यांनी 117 बारीकसारीक कटकटींची यादी केली. वस्तू सापडत नाही, वजन वाढतंय, महागाई, घराची डागडुजी, कामं फार आणि वेळ थोडा. शंभर मध्यमवयीन माणसांना ते कित्येक महिने दर महिन्याला विचारत राहिले. मनाच्या तक्रारींशी मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींचंच नातं जास्त घट्ट निघालं. तेव्हा ओशाळू नकोस. तुझ्यासारखी माणसं त्या लोकांनी कधीच मोजून ठेवली आहेत.

पण कटकटी कुणाला नसतात? मलाही होत्या, तुझ्या आईलाही. तेवढ्यावर मी थांबले असते तर हे पत्रच लिहिलं नसतं.

आठव, मी तुझ्यापुढे जुना लिफाफा सरकवला आणि म्हटलं, डोक्यात जे घोळतंय ते लिही. “विशेष काही नाही” म्हणत तू लिहायला घेतलंस. मागची बाजू भरली, मग पुढची भरली, सतरावा मुद्दा तिकिटाच्या बाजूला तिरका कोंबलास. एकूण एकोणीस. तू लिफाफा घेऊन गेलीस, पण मी आधी तो उतरवून घेतला होता आणि रात्री घेऊन बसले. एकोणीसपैकी नऊ गोष्टी अशा, की उठून केल्या तर एकेकीला अर्धा तासही लागू नये. कपाटाचं निसटलेलं बिजागर. विम्याचा फॉर्म, ज्यावर फक्त सही राहिली आहे. दातांच्या डॉक्टरची वेळ घेणं. सात गोष्टी अशा, की कुणीतरी तुला काही विचारलंय आणि तू उत्तर दिलेलं नाहीस. साहेबांनी विचारलं, दुसऱ्या विभागात जाशील का. तीन आठवडे झाले. घरमालकाने विचारलं, करार वाढवायचा का. भावाने विचारलं, गाडीच्या कर्जाला जामीन राहशील का. आणि तो मुलगा, ज्याला तू धड ‘हो’ म्हणत नाहीस, धड ‘नाही’ म्हणत नाहीस आणि रोज रात्री अकराला त्याचा मेसेज पालथा घालतेस. उरलेल्या तीन गोष्टी दुसऱ्यांच्या हातात आहेत.

यातलं एकही काम फार मोठं नाही. पण एकोणीसच्या एकोणीस मुद्दे लटकलेले आहेत. मी विचारलं, या सगळ्यांना तू काय सांगितलंस? तू म्हणालीस, “सांगितलंय ना, बघते म्हणून.”

तिथे मी गप्प झाले, तुला वाटलं दुखावले. दुखावले नव्हते, मला धडकी भरली होती. ‘बघते’. ‘बघू’. ‘बघू या ना’. आपल्या भाषेत यापेक्षा गोड आणि यापेक्षा घातक शब्द मला माहीत नाही. समोरचा दुखावत नाही, आपण अडकत नाही, वेळ निघून जाते. आणि तो मुद्दा डोक्यात जागा धरून बसतो तो उठत नाही.

माझ्या धंद्यातलं सांगते. हिशेबात सस्पेन्स नावाचं खातं असतं. पैसे आले पण कुणाचे ते कळत नाही, खर्च झाला पण कशावर टाकायचा ते ठरत नाही, तर ती नोंद तात्पुरती सस्पेन्सला टाकतात. मग ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा आणि नावे बाजूंचा ताळा, जुळतो. दोन्ही बाजू सारख्या, पान कसं स्वच्छ. आणि तिथेच नवखा माणूस फसतो. माझे पहिले वरिष्ठ कुठलंही खातं तपासायला घेतलं की नफा-तोटा नंतर बघत. आधी सस्पेन्स उघडायला लावत आणि म्हणत, “इथे काय काय झोपलंय ते दाखवा.” झोपलेल्या नोंदी वर्षअखेरीस एकदम उठतात. तेव्हा व्हाउचर सापडत नाही, ज्याला विचारायचं तो माणूस बदलून गेलेला असतो, आणि पाच मिनिटांच्या कामाला चार रात्री लागतात. मी अशा कितीतरी रात्री काढल्या आहेत. कामाने थकलेली माणसं मी पाहिली, ती घरी जाऊन झोपायची. झोप उडालेली असायची ती सस्पेन्सवाल्यांची.

तुझं डोकं सध्या तसं झालं आहे. वरून जुळलेलं, तपासण्या नॉर्मल. आत एकोणीस नोंदी झोपल्या आहेत. त्या खरंच झोपल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पहाटे तीनला उठतात.

तेव्हा माझा एकच नियम घे. कुणी काही विचारलं, किंवा तुझं तुलाच काही करायचं सुचलं, तर त्याला तीनच उत्तरं. हो. नाही. किंवा तारीख. चौथं उत्तर नाही. ‘बघू’ हे उत्तर नव्हे.

मी हे इतक्या जोरात का सांगतेय ते आता ऐक. तुझ्या आईला अर्धंमुर्धं माहीत आहे, तुला मुळीच नाही.

मी नुकती विभागप्रमुख झाले होते. दादाचा फोन आला. आई त्याच्याकडे असायची. तो म्हणाला, “वहिनीचं ऑपरेशन आहे, सहा महिने आईला तुझ्याकडे नेतेस का?” मी म्हटलं, बघते. पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, वर्षअखेर होऊ दे, बघते. ऑपरेशन झालं, वहिनी बरी झाली, पण प्रश्न तसाच राहिला, कारण आता आईलाच यायचं होतं. ती फोनवर सरळ विचारायची नाही. “तुझ्या खिडकीतून झाड दिसतं ना गं अजून?” असं विचारायची. मी म्हणायचे, दिसतं, ये ना, बघू या कधी जमतंय ते. दोन वर्षं आणि चार महिने माझं ‘बघू’ चाललं. मग ती गेली.

तेराव्या-चौदाव्या दिवशी दादाने तिच्या पलंगाखालून एक लहान बॅग ओढून काढली. आत दोन जोड कपडे, जुना चष्मा, औषधांची चिठ्ठी, आणि माझा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड. दादा म्हणाला, ही बॅग दीड वर्ष अशीच भरून आहे. मधूनमधून कपडे काढायची, धुऊन परत भरायची.

मी ‘नाही’ म्हटलं असतं तर तिने ती बॅग रिकामी केली असती. रडली असती, रागावली असती, दादाकडे माझ्या तक्रारी केल्या असत्या, आणि बॅग रिकामी करून कपाटात ठेवली असती. मी तिला तेवढंही करू दिलं नाही.

आणि मला दोष देण्याआधी माझीही बाजू ऐक. घर दोन खोल्यांचं. मुलाचं शाळेचं शेवटचं वर्ष. नवऱ्याची फिरतीची नोकरी. विभागात मी एकटी बाई आणि हाताखालचे चौघे माझ्याहून वयाने मोठे. मी एक दिवस लवकर निघाले तरी दुसऱ्या दिवशी ते घड्याळाकडे बघायचे. आईचं पथ्य, रात्रीचं उठणं, जिन्याचे तीन मजले. मी काही चैन करत नव्हते. ‘नाही’ म्हणायला माझ्याकडे सात कारणं होती आणि सातही खरी होती. ‘हो’ म्हणायलाही वाट होती. मधल्या खोलीत एक पलंग बसत होता, मी नंतर मापून पाहिलं. दोन्ही वाटा खऱ्या होत्या, म्हणून तर मी एकही धरली नाही. आजही मला वाटतं, कुठलाही निर्णय घेतला असता तरी मी तो निभावला असता. निर्णय न घेणं मात्र निभावता आलं नाही. त्या अठ्ठावीस महिन्यांत माझं पोट कायम बिघडलेलं, रात्री दात खायचे, मुलावर खेकसायचे. सगळ्यांना वाटे, पदाचा ताण. मलाही तसंच वाटे.

असो. आता तुला कळलं असेल मी तुझ्या जबड्याच्या दुखण्याबद्दल इतके प्रश्न का विचारले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 45 जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगड उलटायचा, खाली साप आहे की नाही ते आधी ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, खराखुरा, दुखणारा. खेळता खेळता त्यांच्या बाहुल्यांचा आकार आणि घाम मोजत होते. झटका बसणारच हे ठाऊक असताना माणसं जेवढी ताणली जात, त्याहून जास्त ती झटका बसेल की नाही हे अर्धंअर्धं असताना ताणली गेली. सगळ्यात जास्त ताण बरोबर पन्नास टक्क्यांवर. मी हे वाचलं आणि चष्मा काढून बसून राहिले. आईला मी अठ्ठावीस महिने पन्नास टक्क्यांवर ठेवलं होतं. स्वतःलाही.

तूही साहेबांना, घरमालकाला, भावाला आणि त्या मुलाला पन्नास टक्क्यांवर ठेवलं आहेस, हे लक्षात घे. तुला वाटतं तू त्यांना दुखवत नाहीस. भावाने जामीनकीचं विचारून किती दिवस झाले? तो दुसऱ्या कुणाला विचारूही शकत नाही, कारण तू ‘नाही’ म्हटलेलं नाहीस. तुझ्या चांगुलपणाने त्याचे हात बांधून ठेवलेत. राग येतो मला अशा चांगुलपणाचा. माझाच होता, म्हणून जास्त येतो.

शरीराला बिचाऱ्याला हे काही कळत नाही. धोका दिसला की लढायचं किंवा पळायचं, एवढंच ते शिकलंय. वॉल्टर कॅनन यांनी शंभर वर्षांपूर्वी, 1915 च्या सुमारास हे मांडलं. मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या ग्रंथींतून रस सुटतो, नाडी धावते, स्नायू आवळतात, पचन मागे पडतं. वाघ आला, पळालो, वाघ गेला, की सगळं पूर्ववत. पण तुझा वाघ येतही नाही आणि जातही नाही. तो फोनमध्ये ‘न वाचलेले’ म्हणून बसून असतो. जबडा आवळलेला राहणार नाही तर काय होणार?

आता तू म्हणशील, एकोणीसच्या एकोणीस कामं एका दिवसात कशी उरकू? मी कुठे म्हणते उरक? इथे लोकांचा नेहमी घोटाळा होतो. ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी 1927 साली बर्लिनमध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. त्यातला आठवणीचा भाग पुढच्या प्रयोगांत तितकासा टिकला नाही, पण अर्धवट कामाकडे मन परत परत ओढलं जातं ही गोष्ट टिकली. मला त्याहून मोलाचं वाटतं ते 2011 मधलं. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी लोकांच्या डोक्यात एक अर्धवट काम सोडलं आणि त्यांना दुसरंच काहीतरी वाचायला दिलं. मन सारखं त्या कामाकडे पळे. पण ज्यांना ते काम कधी आणि कसं करणार एवढं ठरवू दिलं, त्यांचं पळणं थांबलं. काम झालेलं नव्हतंच. फक्त त्याला दिवस मिळाला होता.

म्हणून म्हणते, तारीख टाक. दाढेला तारीख टाक. पैसे परत मागायला तारीख टाक. मैत्रिणीच्या बाळाला बघायला जायचंय म्हणतेस, ते बाळ एव्हाना चालायला लागलं असेल, तारीख टाक. ‘पुढच्या आठवड्यात’ ही तारीख नव्हे. ‘जरा मोकळी झाले की’ ही तर शुद्ध थाप आहे, मोकळं कुणी कधी होत नसतं.

रात्रीची पाच मिनिटं यासाठी काढ, आणि कागदावर. 2018 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 57 जणांना प्रयोगशाळेत झोपवलं. निम्म्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं लिहिली. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, आणि त्यातही ज्यांनी बारकाईने, सुटंसुटं लिहिलं ते आणखी लवकर. नऊ मिनिटं म्हणजे काही फार नाही असं तुझं तोंड होईल. पहाटे तीनला छताकडे बघत असताना नऊ मिनिटं किती लांब असतात ते तूच मला रविवारी सांगत होतीस.

एक मान्य करते, कारण ते न म्हटलं तर तू उद्या मला तोंडावर ऐकवशील. सगळा ताण लटकलेल्या गोष्टींचा नसतो. काहींच्या डोक्यावर खरंच डोंगर असतो. घरात वर्षानुवर्षं आजारी माणूस, न फिटणारं कर्ज, चारचौघांत पाणउतारा करणारा वरिष्ठ. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांची मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 पासून मोठी पाहणी केली, दहा हजारांवर माणसं. आपल्या कामावर आपला ताबा नसलेल्यांना हृदयविकार जास्त होतो असं त्यात दिसलं. खालच्या पायरीवरच्या माणसाला ‘तारीख टाक’ सांगणं सोपं आहे; त्याच्या तारखा दुसराच टाकतो. हे मला कळतं. आणि झोप महिनाभर उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, छातीत दुखत असेल, तर मावशीचं पत्र बाजूला ठेवायचं आणि डॉक्टर गाठायचा. त्यालाही ‘बघू’ म्हणायचं नाही.

पण पोरी, तुझ्या एकोणीसांत असा डोंगर मला एकही दिसला नाही. सोळा गोष्टींवर ताबा तुझाच आहे. उरलेल्या तिघींनाही तारीख टाकता येते: अमुक दिवसापर्यंत निरोप आला नाही तर मी स्वतः विचारीन. तोवर तो मुद्दा त्यांचा. तू राखण करायची नाही.

माझ्या या हट्टाचे परिणामही सांगते, नाहीतर तुझी आई सांगेलच. आई गेल्यापासून मी हा शब्द घरातून हद्दपार केला. मुलगा म्हणतो, तुझ्याशी बोलणं म्हणजे खिडकीवर अर्ज दिल्यासारखं आहे, लगेच शिक्का बसतो. सुनेने विचारलं, बाळाला सांभाळाल का. मी त्याच वाक्याला सांगितलं, मंगळवार आणि गुरुवार, दहा ते चार; इतर दिवशी नाही. महिनाभर अबोला होता. मुलाने सुनावलं, निदान विचार करते म्हणायचंस. मी म्हटलं, विचार झाला होता. एका जुन्या मैत्रिणीने सहलीला बोलावलं, मी तिथल्या तिथे ‘नाही’ म्हटलं, तिचा फोन पुन्हा आला नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण माझी वाट बघत कुणीही बॅग भरून बसलेलं नाही. बाळ मंगळवारी दहाला दारात असतं आणि सुनेने बाकीच्या दिवसांची सोय तिसऱ्या दिवशी लावली होती. अबोल्याच्या महिन्यातसुद्धा सोय लागलेली होती! लोक मला तुसडी म्हणतात. म्हणू देत. थोडं हळू बोलायला हवं होतं हे मला पटतं. गप्प बसायला हवं होतं हे पटत नाही.

तू माझ्याइतकी टोकाला जाऊ नकोस. ‘नाही’ म्हणताना दोन शब्द गोड बोल, तुला जमतं ते. पण त्या गोड शब्दांआड ‘नाही’ लपवू नकोस. “खरंच जमलं असतं तर केलं असतं, बघू पुढे” असं लोक बोलतात, त्यात शेवटचे दोन शब्द सगळं वाटोळं करतात.

फोनचं थोडक्यात. मेसेज उघडायचा तर उत्तर द्यायच्या तयारीने उघडायचा. उत्तर द्यायचं नसेल तर उघडायचा नाही. उघडून पालथा घालण्यात प्रत्येक वेळी तू तीच नोंद पुन्हा सस्पेन्सला टाकतेस. रविवारी अकरा वेळा टाकलीस. दिवसभरात किती होतात ते तू मोज, मला सांगू नकोस, माझी झोप जाईल.

त्या मुलाबद्दल मी काही बोलणार नाही. तो प्रश्न माझा नाही. फक्त त्याला एक तारीख दे आणि त्या तारखेला बोल, एवढंच.

आता तुझा तो प्रश्न. निघताना चपला घालता घालता तू विचारलंस, “मावशी, तुझ्या जुन्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकशील का?” आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? काहीच निघालं नाही. जिन्यात दिवा नव्हता, तू खाली उतरलीस, मी दार लावलं. तीन दिवस ते माझ्या डोक्यात आहे, आणि मला चांगलं कळतं की तीन दिवस ते तुझ्याही डोक्यात आहे.

उत्तर: नाही. मी शब्द टाकणार नाही. तुला ती नोकरी हवी आहे असं मला दिसत नाही. साहेबांच्या प्रश्नाला उत्तर न देता निसटायची वाट हवी आहे असं दिसतं. मी शब्द टाकला तर यादीत विसावा मुद्दा वाढेल, तोही पन्नास टक्क्यांवरचा. आधी साहेबांना सांग, जाते किंवा जात नाही. त्यानंतरही नोकरी बदलावी वाटली तर अर्ज तूच कर. तो मी तपासून देईन, आकडे आणि शुद्धलेखन दोन्ही. चूक सापडली तर बोलेन.

रागावलीस तर रागाव. शुक्रवारी संध्याकाळी सातला मी घरी आहे, फोन करून भांडायचं असेल तर तेव्हा कर. शनिवारी मी नाही.

तुझ्या यादीत चौदावा मुद्दा आहे, ‘मावशीला विचारणे’. माझ्याकडच्या कागदावर तो मी आत्ताच खोडला. तुझ्या लिफाफ्यावरचा तू खोड.

तुझी
मावशी